पावडर म्हणजे भेसळ नव्हे!

दुधात पाणी तशी रेझिनमध्ये पावडर, अशी आपल्या हॉस्टेलमधली सर्वमान्य थिअरी आहे. स्वस्त फिलर ढकलून कंपनीवाले पैसे वाचवतात म्हणे. काही पावडरींबद्दल ते खरंही असेल, पण ग्लास फायबर पावडरबद्दल मला ते अजिबात पटत नाही.

मुळात ही काचेचा चुरा नव्हे. साधारण १० ते १५ मायक्रॉन जाडीचे ई-ग्लासचे तंतू दळून ती बनते, त्यामुळे प्रत्येक कण म्हणजे इवलीशी काडीच असते. लांबी साधारण ५० ते ३०० मायक्रॉन. आता गंमत पाहा. तंतूची ताकद २००० एमपीए, जाडी १० मायक्रॉन आणि रेझिनची पकड २० एमपीए धरली, तर क्रिटिकल लेंग्थ येते ५०० मायक्रॉन. आपली काडी त्याहून आखूड! म्हणजे ती तुटण्याआधी रेझिनमधून निसटणार. म्हणूनच "पावडर घातली तरी ब्रॅकेट तुटलंच" ही प्रोजेक्टवाल्यांची तक्रार मला चुकीच्या दारावर नेलेली वाटते. ताकद हवी तर मॅट किंवा कापड वापरा ना!

पावडरचं काम वेगळं आहे. काचेचं उष्णतेनं होणारं प्रसरण इपॉक्सीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. त्यामुळे कास्टिंग कमी आकसतं, कडक होतं, तडे कमी जातात. नायलॉनच्या सपाट पार्टमध्ये लांब तंतू प्रवाहाच्या दिशेनं रांगेत बसतात आणि पार्ट वाकडा होतो. आखूड काड्यांनी ते बरंच कमी होतं. सगळ्यात पटणारं उदाहरण टेफ्लॉनचं. शुद्ध टेफ्लॉनचं सील दाबाखाली हळूहळू पसरत जातं आणि लवकर झिजतं. त्यात १५ ते २५ टक्के ही पावडर घातली की व्हॉल्व्ह सीट, पिस्टन रिंग यांसाठी ते कामाचं होतं. ही भेसळ म्हणायची का? अर्थात शाफ्ट ॲल्युमिनियमचा असेल तर ही काच त्यालाच खरवडते, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा तीव्र अल्कली असेल तिथे ती चालत नाही.

भांडायचंच असेल तर धुळीवरून भांडू या. कॅन्सरबाबत या तंतूंना आयएआरसीने २००२ मध्ये तिसऱ्या गटात, म्हणजे 'वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही' अशा गटात ठेवलं. म्हणून काही ती अंगाला फासायची नाही! त्वचा, डोळे, घसा यांची आग होतेच, आणि घासकामात रेझिनची बारीक धूळही उडते. तरी आपली मंडळी बनियनवर सँडिंग करतात, वर कॉम्प्रेसरच्या हवेनं टेबल 'साफ' करतात. म्हणजे सगळी धूळ शेजाऱ्याच्या नाकात. वर्कशॉपच्या सरांना विनंती, तिथे एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर आणि मास्कचा डबा ठेवा, ओलं घासणं सक्तीचं करा. आणि मित्रांनो, ते कपडे कृपया हॉस्टेलच्या मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांबरोबर टाकू नका. वेगळी बादली घ्या.