हरूनही पुन्हा खेळावेसे का वाटते?

नेट गेले की क्रोमच्या पडद्यावर एक छोटा डायनासोर दिसतो. स्पेसबार दाबला की तो पळू लागतो. समोर निवडुंग आले की उडी मारायची, बस. नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत रेंजची एक दांडी मिळाली तरी समाधान मानतात. तिथल्या मुलांनाही हा खेळ तोंडपाठ आहे. गुगलने तो २०१४ मध्ये आणला. महिन्याला २७ कोटी डाव खेळले जातात, असे २०१८ मध्ये कंपनीनेच सांगितले. नेट महाग किंवा बेभरवशाचे असलेल्या देशांतले, म्हणजे आपल्याकडचेही, खेळाडू त्यात जास्त. शाळकरी मुले इतकी गुंतली की संस्थांना तो बंद करण्याची सोय द्यावी लागली.

ना रंगीत चित्रे, ना गोष्ट, ना बक्षीस. मग एवढी ओढ कशाची?

डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. खेळाचा वेग वाढत गेला की विचाराला जागाच उरत नाही. परीक्षा, कालचा ओरडा, घरातली कुरबूर, सारे तेवढ्यापुरते विसरते. शिवाय प्रत्येक हार ‘थोडक्यात गेली’ अशी वाटते आणि पुढचा डाव क्षणात तयार असतो. व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांचा मोबाइलवरचा ‘फ्लॅपी बर्ड’ असाच होता. लोकांना त्याचे व्यसन लागते आहे, हे पाहून त्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये, खेळ जोरात असताना, तो स्वतःहून मागे घेतला.

वर्गात मात्र उलटे चित्र दिसते. तोच मुलगा भागाकार एकदा चुकला की वही मिटतो. डायनासोरपुढे पन्नासदा हरणारा हाच का? कारण तिथे हरल्यावर कोणी हसत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही. चूक झाली ते लगेच कळते आणि लगेच सुधारता येते. आपल्याकडे वही चार दिवसांनी लाल शाईने भरून परत येते, आणि घरी गेल्यावर अब्बांची सही घ्यायची असते. मुले कष्टाला भीत नाहीत, लाजेला भितात. पाढे, शब्दार्थ, उर्दूची हिज्जे यांचेही असेच छोटे डाव घरी लावता येतील. चुकला, तर ‘पुन्हा बघ’ एवढेच म्हणावे.

तरीही या खेळात एक खोट आहे: त्याला शेवट नाही. गोट्या आणि लगोरी अंधार पडला की आपोआप थांबत. मगरिबची अजान होई, सोबती घरी जात. पडदा स्वतःच उजेड देतो आणि सोबती लागतच नाही. म्हणून थांबण्याची जागा आपण ठरवून द्यायला हवी. ‘पाच मिनिटे’ म्हटले तर ती अर्धा तास चालतात. ‘दहा डाव, मग फोन अम्मीकडे’ हे मुलाला मोजता येते. डाव चालू असताना हातातून फोन हिसकावू नये, त्याने फक्त भांडण वाढते. झोपायच्या वेळी फोन मुलांच्या खोलीत नसावा, मोठ्यांचाही नाही.

सूरह अल-असरची सुरुवातच काळाच्या शपथेने होते, म्हणून वेळेचा हिशेब मुलांना शिकवायलाच हवा. पण खेळ म्हणजे गुन्हा, असे त्यांच्या मनावर बिंबवू नये. पैगंबर (स.) यांनी हजरत आयशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या. पुढे एकदा पैगंबर (स.) जिंकले, तेव्हा ही त्या वेळची परतफेड, असे ते हसत म्हणाले. घरात हार-जीत अशी हसत व्हावी.

आज रात्री जेवणानंतर मुलाला म्हणा, ‘तुझा डायनासोर मला शिकव.’ तुम्ही पहिल्याच निवडुंगावर आपटाल. त्याला पोटभर हसू द्या, आणि दहा डाव झाले की दोघांनी मिळून फोन बाजूला ठेवा.