जुना खेळ आणि नवे शहाणपण

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहीण मुलाबाळांसह मलकापूरला आली होती. मलकापूर म्हणजे बुलढाण्याचे नव्हे आणि शाहूवाडीचेही नव्हे. कराडला लागून असलेले, आगाशिवाच्या डोंगराजवळचे. ओवाळणी झाली, फराळाची ताटे पुढे आली, आणि पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याने चकली मोडता मोडता विषय काढला.

"मामा, तुम्ही अजून तोच खेळ खेळताय? अहो, २०१० सालचा आहे तो! आता काय राहिलंय त्यात?"

वाचकहो, मॅट्रिकपुढे न गेलेला मी एक शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माणसाने मला 'जुने' म्हटले तर मी हसून सोडून देतो. पण ह्या प्रश्नाने मात्र माझे डोके फिरले. त्या दिवशी सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो. आज लेखणी हातात आहे, तेव्हा उत्तर देतो.

आधी खेळ कोणता ते सांगतो. त्याचे नाव 'रेड डेड रिडेम्प्शन'. ह्याच भाच्याने नवे यंत्र घेतले तेव्हा आपले जुने प्लेस्टेशन ३ आणि त्याच्या तबकड्या माझ्या पदरात टाकल्या होत्या. वह्या तपासून झाल्या, जेवणे उरकली, की मी तासभर त्यापुढे बसू लागलो. पहिले आठ दिवस माझा घोडा प्रत्येक झाडावर जाऊन आदळत होता. पुढे हात बसला.

ह्या खेळात आखलेली वाट नसते. मुलूख मोकळा सोडलेला असतो. घोड्यावर बसावे आणि मनाला येईल तिकडे निघावे. काळ १९११ सालचा, मुलूख अमेरिकेच्या सरहद्दीवरचा. रेल्वे येऊन पोचली आहे, मोटारी दिसू लागल्या आहेत, आणि घोडेस्वार बंडखोरांचे दिवस भरत आले आहेत. जॉन मार्स्टन नावाचा एक माणूस, एके काळचा दरोडेखोर, बायको-पोराला घेऊन शेतीवर स्थिरावू पाहतो. सरकारी माणसे त्याच्या बायकोला आणि मुलाला ताब्यात घेतात आणि सांगतात, तुझ्या जुन्या साथीदारांना धरून दे किंवा मारून टाक, तर तुझी माणसे तुला परत मिळतील. एवढीच गोष्ट.

आता भाच्याचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की, चित्रे जुनी दिसतात. दिसतात, कबूल! माणसांचे चेहरे लाकडी बाहुल्यांसारखे आहेत. नव्या खेळांत म्हणे घोड्याच्या आयाळीचा केस न् केस मोजता येतो. येवो बापडा. पण ह्याच जुन्या खेळात एक जागा आहे. नदी ओलांडून मार्स्टन प्रथमच मेक्सिकोच्या मुलखात पाऊल टाकतो, कोणी बोलत नाही, कोणी गोळी झाडत नाही; एक गाणे हळूच सुरू होते आणि माणूस एकटा घोडा दौडवीत राहतो. त्या रात्री मी हातातली कळ खाली ठेवायला विसरलो होतो. केस मोजणाऱ्यांनी असे एक ठिकाण दाखवावे, मग बोलावे. 'शोले' १९७५ सालचा. त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. तो लागला की घरातली पोरेसुद्धा पडद्यापुढून हलत नाहीत. तेव्हा कोणी विचारत नाही, की ह्यात आता काय राहिले आहे?

दुसरा आक्षेप असा की, २०१८ साली ह्याचा दुसरा भाग आला, तो ह्याहून सरस आहे, मग पहिला कशाला? दुसरा भाग मोठा आहे, देखणा आहे, हे मी ऐकून आहे आणि भाच्याकडे पाहिलेही आहे. पण तो सांगतो १८९९ सालची आधीची हकिकत, टोळी कशी मोडली ती. पहिला भाग सांगतो, टोळी मोडल्यावर माणसाला काय फेडावे लागते ते. कर्ज काढण्याची गोष्ट निराळी आणि फेडण्याची निराळी. धाकटा भाऊ हुशार निघाला म्हणून थोरल्याला कोणी घराबाहेर काढत नाही.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी वेगळाच आक्षेप घेतला. "गुरुजी, परदेशी दरोडेखोरांचे खेळ तुम्हांला शोभतात काय?" मी म्हणतो, परदेशी कोण? मलकापुरापासून दक्षिणेला थोडे गेले की वाळवा तालुका लागतो. त्यात वाटेगाव. तिथल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' कादंबरी दिली. तोही बंडखोर, त्याच्याही मागे सरकार. आणि सरकारने त्याला वाकवले ते कसे? बंदुकीने नव्हे. त्याची माणसे कैदेत घातली, म्हणून तो स्वतः हजर झाला. मार्स्टनचे दुखणे तेच. फरक मोठा आहे, तो मी लपवीत नाही. फकिरा उपाशी गावासाठी लुटत होता, मार्स्टन पोटासाठी. पण सत्ता माणसाला कुठे धरते, हे वाटेगावाने आणि ह्या खेळाने एकाच जागी बोट ठेवून दाखवले आहे. ज्याने 'फकिरा' वाचला आहे त्याला हा खेळ परका वाटणार नाही.

मी आंधळा भक्त नाही. ह्या खेळात दोष आहेत. मेक्सिकोचा भाग नको तितका लांबला आहे, आणि तिथली माणसे पुष्कळदा सोंगासारखी रंगवली आहेत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनाही न्याय मिळालेला नाही. कामगिऱ्या एकसारख्या आहेत: जा, गोळ्या झाडा, परत या. रक्तपात भरपूर आहे; खेळ अठरा वर्षांवरील माणसांसाठी आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तो लहान मुलांच्या हाती देऊ नये. हे सारे मान्य. पण हे दोष २०१० सालीही होतेच. ते वयामुळे आलेले नाहीत. भाच्याची तक्रार दोषांची नव्हतीच. ती वयाची होती.

आणि ही वयाची तक्रार त्याच्या तोंडी कोणी घातली? ज्यांनी खेळ विकला त्यांनीच. हा खेळ बरीच वर्षे दोन जुन्या यंत्रांना बांधलेला होता. यंत्र बिघडले की खेळ संपला. पुस्तकाचे असे होत नाही. पणजोबांची पोथी वाचायला पणजोबांचा चष्मा लागत नाही. मग २०२३ साली कंपनीने तोच खेळ नव्या यंत्रांसाठी काढला, पुष्कळांनी मिळून खेळण्याचा भाग त्यातून गाळला आणि किंमत लावली पन्नास डॉलर. २०२४ साली तो संगणकावर आला. म्हणजे 'जुने झाले, टाकून द्या' म्हणणारा आणि 'जुने आहे, पुन्हा विकत घ्या' म्हणणारा दुकानदार एकच! आमचा भाचा मात्र पहिले वाक्य पाठ करतो, दुसऱ्या वाक्याचे पैसे मोजतो आणि नव्या यंत्राचे हप्ते भरत बसतो.

कोणी म्हणेल, मास्तरांना एवढा राग का? सांगतो. माझी पहिली कादंबरी माळ्यावर गठ्ठ्याने पडून आहे. दुसऱ्या आवृत्तीविषयी विचारायला गेलो, तेव्हा एका प्रकाशकाने मला हेच ऐकवले होते: "आता जुनी झाली हो ती." चांगली की वाईट, हे त्याने सांगितले नाही. वाईट म्हटले असते तर मी भांडलो असतो, नाहीतर सुधारलो असतो. 'जुनी' म्हटल्यावर माणसाने काय करावे?

आता खरी गोष्ट. भाच्याने सांगितले, तो खेळ त्याने पुरा केलाच नव्हता. साथीदारांचा निकाल लागतो आणि मार्स्टन घरी येतो, तिथे कंटाळून सोडला. का? तर म्हणे पुढे नुसती शेतीची कामे! गुरे हाकून आणा, धान्यावरचे कावळे मारा, मुलाला शिकारीला न्या. मुलगा पुस्तकात डोके घालून बसणारा, बाप घोड्यावर वाढलेला. दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, म्हणून ते शिकारीला जातात. इतका वेळ माणसे मारली ती कशासाठी, ह्याचे उत्तर त्या कामांत आहे. ज्याला ते कंटाळवाणे वाटले त्याने खेळ पाहिला, गोष्ट पाहिली नाही.

मी तो भाग खेळत होतो तेव्हा माझे वडील खाटेवर पडले होते. आमची जमीन प्लॉटांत गेली, बैल त्याआधीच गेले. गोठ्याच्या जागी आता भाडेकरूंची मोटारसायकल उभी असते. वडील टीव्हीकडे सहसा पाहत नाहीत. पडद्यावर मी गुरांचा कळप घराकडे नेत होतो, घोडा मध्येच घुसला आणि जनावरे चौखूर उधळली. वडील उठून बसले.

"आडवा घालू नगंस. बुजत्यात जनावरं. मागनं हाक, दमानं."

मी मागून हाकले. कळप सरळ झाला. दादा शेवटपर्यंत पाहत होते. गुरे कुंपणाच्या आत गेली तेव्हा म्हणाले, "झ्याक." आणि पुन्हा पडले.

पुढे काय होते ते मी सांगणार नाही. ज्याला खेळायचे त्याचा रस नासवू नये. एवढेच सांगतो की, ती गुरे हाकल्यावाचून तो शेवट अंगावर येत नाही.

भाच्याला निरोप धाडला आहे. ह्या भाऊबीजेला ये. यंत्र पुसून ठेवले आहे, खेळ गुरांपाशी थांबवून ठेवला आहे, आणि आजोबा खाटेवर आहेत. त्यांच्या शेजारी बसून कळप घरी आण. मग 'ह्यात काय राहिलंय' हे मला नको, त्यांना विचार.