जनुकाचा हिशेब आणि माणसाचा हेतू

‘परोपकार हा लांबच्या मुदतीचा स्वार्थच, आणि हे आता विज्ञानानंच सिद्ध केलंय’ असं ठणकावून सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. आई रात्र रात्र जागते ती म्हणे स्वतःच्या जनुकांसाठी, आणि रक्तदाता रक्त देतो तो नावासाठी. आधार म्हणून रिचर्ड डॉकिन्स यांचं १९७६ सालचं ‘द सेल्फिश जीन’ पुढे केलं जातं, बहुधा न वाचता. कारण आपण वर्तनाच्या परिणामाबद्दल बोलतो आहोत, मनातल्या हेतूबद्दल नाही, हे डॉकिन्स यांनी पहिल्याच प्रकरणात बजावलं आहे.

प्राणी ‘जातीच्या भल्यासाठी’ त्याग करतात, हा उलट टोकाचा भाबडेपणा जॉर्ज विल्यम्स यांनी १९६६ मध्येच मोडीत काढला. त्याआधी, १९६४ साली, जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी नियम मांडला होता: मदतीचा लाभ गुणिले नात्याची जवळीक हे मदतीच्या किमतीहून जास्त भरलं, तर मदतीची वृत्ती टिकते. कॅलिफोर्नियातल्या बेल्डिंग खारींवर पॉल शर्मन यांनी तो पडताळला. शिकारी प्राणी दिसला की ओरडून सावध करणाऱ्या बहुतेक माद्याच, त्यातही जवळपास लेकी-बहिणी असलेल्या. नर वयात येताच दूर निघून गेलेले असतात. यातून हॅमिल्टन खरे ठरले. पण खार ढोंगी कशी ठरली? ती गुणाकार करून ओरडत नाही. हिशेब झाला तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत.

शिवाय नुसत्या नात्यानं सगळं सुटतही नाही. आपल्याकडे वळचणीला कागदी पोळं बांधणारी गांधीलमाशी घ्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या तिच्या एका जातीचा अनेक वर्षं अभ्यास केला. राणी एकाच नराशी जुगली, तर सख्ख्या बहिणींचं नातं तीन चतुर्थांश भरतं, म्हणजे पोटच्या लेकीहूनही जवळचं. पण या राण्या अनेक नरांशी जुगतात, शिवाय पोळ्यावर राणी बदलत राहते. म्हणजे कामकरी माशी पुष्कळदा दूरच्या नात्यातली पिलं वाढवत असते, आणि तीही स्वतः अंडी घालण्याची क्षमता असताना! मग ती थांबते का? एकटीनं पोळं बांधलं आणि ती मध्येच मेली, तर अळ्या उपाशी मरतात, सगळे कष्ट वाया. घोळक्यात ती मेली तरी अर्धवट राहिलेलं काम दुसरी पुरं करते. नियमातल्या नात्याइतकीच लाभ आणि किंमत ही पदं महत्त्वाची आहेत. या नियमाचे टीकाकार नेमकी तीच विसरतात.

आता माणसाचं पाहू. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी अठरा महिन्यांच्या बाळांसमोर एक साधा प्रसंग उभा केला. अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, चिमटा खाली पडतो, हात पोचत नाही. बरीच बाळं दुडुदुडु जाऊन चिमटा उचलून देत. बक्षिसाची अपेक्षा म्हणाल, तर पुढच्या प्रयोगात उलटंच घडलं: मदतीबद्दल बक्षीस मिळालेली बाळं नंतर कमी मदत करू लागली. लाभाच्या लोभानंच ती उठत असती, तर बक्षिसानं उत्साह वाढायला हवा होता.

मदतीची ही ओढ उत्क्रांतीनं घडवली असेल; माझ्या मते घडवलीच आहे. भूकही तिनंच घडवली, म्हणून भूक खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. ज्यांना कुणाच्या मदतीला जायचं नाही त्यांनी खुशाल घरी बसावं, फक्त डार्विनचा दाखला देऊ नये.