सुवर्ण होते, क्रमवारी नव्हती

हिमायतनगर : हिरोशिमा येथे १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या गौरव नाटेकरने टेनिसमध्ये दोन सुवर्णपदके पटकावली. पुरुष दुहेरीत लिअँडर पेसच्या साथीने एक आणि सांघिक स्पर्धेत दुसरे. राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर होतीच, डेव्हिस चषक संघातही त्याला स्थान मिळाले होते. १९९६ मध्ये अर्जुन पुरस्काराने त्याच्या कामगिरीवर राजमुद्रा उमटली. तरीही जागतिक क्रमवारीत एकेरीच्या पहिल्या शंभर खेळाडूंत तो कधी पोहोचला नाही. एवढी गुणवत्ता असलेला खेळाडू आशियाच्या शिखरावर पोहोचतो आणि जगाच्या पायथ्याशीच थांबतो, हे कसे? त्याचे उत्तर त्याच्या मनगटात शोधण्यापेक्षा या खेळाच्या अर्थकारणात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

गौरवला खेळाचा वारसा घरातूनच मिळाला. वडील नंदू नाटेकर मूळचे सांगलीचे. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कारांच्या पहिल्याच यादीतील मानकरी. मात्र पित्याचा काळ हौशी खेळाचा होता. पुत्राच्या वाट्याला आले ते पूर्ण व्यावसायिक टेनिस. तेथे नाव नव्हे, गुण मोजले जातात.

हे गुण मिळतात कसे? राष्ट्रीय अजिंक्यपदाला जागतिक क्रमवारीत काडीचेही मोल नाही. आशियाई सुवर्णाचीही तीच गत. गुण मिळतात ते आठवड्यामागून आठवडे देशोदेशी चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांतून, आणि त्यातील बहुसंख्य युरोप-अमेरिकेत होतात. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणांच्या एकेरीत साधारणपणे १०४ खेळाडूंना क्रमवारीच्या जोरावर थेट प्रवेश मिळतो. तेथे पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही मिळणारी रक्कम वर्षाच्या खर्चाचा मोठा भार उचलते. जो या उंबरठ्याबाहेर आहे, त्याला विमानाचे तिकीट, निवास, प्रशिक्षकाचे मानधन हे सारे पदरचे घालावे लागते. खालच्या पातळीवरील बक्षिसांतून हा खर्च क्वचितच भरून निघतो. थोडक्यात, पैसा असेल तर गुण आणि गुण असतील तर पैसा, असे हे दुष्टचक्र आहे.

या चक्रातून बाहेर पडण्याची एक वाट त्याच दशकात दिसली होती. १९९२ मध्ये विम्बल्डनच्या कुमार दुहेरीची अंतिम फेरी गाठणाऱ्या भारतीय जोडीत महाराष्ट्राचा नितीन कीर्तने आणि महेश भूपती होते. ऑस्ट्रेलियन जोडीकडून ते हरले, पण दोघांच्याही गुणवत्तेवर विम्बल्डनचे शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर मात्र वाटा वेगळ्या झाल्या. भूपती अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला आणि १९९५ मध्ये तेथील आंतरविद्यापीठ दुहेरीचा विजेता ठरला. १९९७ मध्ये तो ग्रँड स्लॅम किताब जिंकणारा पहिला भारतीय बनला. १९९९ मध्ये तर पेससह त्याने चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या. कीर्तनेचे नाव प्रामुख्याने देशांतर्गत आणि पुढे ज्येष्ठांच्या टेनिसशी जोडलेले राहिले. चाळिशी उलटल्यावरही कोर्टवर टिकून राहिलेल्या या खेळाडूच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

१९९५ च्या त्याच आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकेरीचा विजेता होता सर्गिस सर्गस्यान हा ॲरिझोना राज्य विद्यापीठाचा आर्मेनियन खेळाडू. आर्मेनियाची लोकसंख्या २०११ च्या सुमारास जेमतेम तीस लाख होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत एकट्या नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार भरली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर युद्ध आणि अंधार यांत सापडलेल्या त्या देशाकडे आपल्या खेळाडूला देण्यासारखे फारसे काही नव्हते. तरीही सर्गस्यानने १९९७ मध्ये न्यूपोर्टची स्पर्धा जिंकली आणि २००४ मध्ये जागतिक क्रमवारीत ३८ वे स्थान मिळवले. त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्याने ऑलिम्पिक विजेत्या निकोलस मासूला पाच तासांहून अधिक चाललेल्या लढतीत नमवले. चौथ्या फेरीत आंद्रे अगासीने त्याला रोखले. २००६ मध्ये तो निवृत्त झाला. अजिंक्य वगैरे तो नव्हता, परंतु दशकभर खेळावर जगता येईल एवढी उंची त्याने निश्चित गाठली.

या तुलनेचा अर्थ 'मुलांना अमेरिकेला धाडा' इतका सोपा नाही. तेथील विद्यापीठाचे दार ठोठावण्यासाठीही कुमार गटातील कामगिरी लागते आणि तिचा खर्च पालकांच्याच माथी येतो. खरा मुद्दा आहे तो सतरा ते बावीस या वयाचा. अमेरिकन विद्यापीठ या वर्षांत खेळाडूला प्रशिक्षक, मैदान, प्रवास आणि हंगामभर सामने देते, शिवाय पदवीही देते. खेळ फसला तरी आयुष्य फसत नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे काही दिवसांचा सोहळा. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे ते स्वागतार्हच, पण ते पदक मिळाल्यानंतरचे बक्षीस आहे. पदकापर्यंतच्या वाटेची शिदोरी ते नव्हे.

महाराष्ट्रात काहीच घडले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१८ ते २०२३ या काळात पुण्याच्या बालेवाडीत एटीपी दौऱ्याची स्पर्धा पाच वेळा भरली. मराठवाड्याच्या वेशीवरील बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासह कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिक गाठले. टेक्सासमधील विद्यापीठात खेळलेल्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊ येथे रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. तालुक्याच्या गावातून ऑलिम्पिकपर्यंत जाता येते, हे बार्शीने सिद्ध केले आहे.

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगरची एखादी मुलगी उद्या रॅकेट घेऊन उभी राहिली, तर तिला आधी नांदेड आणि मग रात्रभराचा प्रवास करून पुणे गाठावे लागेल. तो प्रवास टळणार नाही, पण तो एकट्या कुटुंबाने सोसावा असेही नाही. हिरोशिमाच्या सुवर्णाआधी काही दिवसच, १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. अशा विद्यापीठांनी निवडक खेळांसाठी वर्षभराचे प्रशिक्षण, प्रवासखर्च आणि परीक्षांच्या वेळापत्रकात सवलत एवढे जरी दिले, तरी मधली पायरी उभी राहील. नाटेकर-कीर्तने यांच्या पिढीला ती मिळाली नाही. त्यांच्या निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही ती पायरी बांधली गेली नसेल, तर पुढच्या अपयशाचा दोष खेळाडूच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.