दोन व्याधी, एक माणूस

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या धाकट्या दिरांच्या रक्तात एच.आय.व्ही.चे विषाणू असल्याचे बारा वर्षांपूर्वी कळले होते. नियमाने औषधे घेऊन ते नोकरी व संसार नीट सांभाळीत होते. पुढे मानेत गाठ आली. ती लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची निघाली. उपचारांनी ती विरली, परंतु वर्षभरातच पुन्हा उद्भवली. आता डॉक्टर मूलपेशी-रोपणाविषयी बोलत आहेत, घरातील वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात, ‘मुळातच तो आजार, त्यावर आणखी खर्च आणि हाल कशाला?’ भगिनी विचारतात, ‘भावजींना धीर द्यावा, की खोटी आशा लावू नये?’

हा प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

वडीलधाऱ्यांचे मत एके काळी अगदीच निराधार नव्हते. 1981 साली अमेरिकेत एड्सची प्रथम नोंद झाली. त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे अशा रुग्णास लिम्फोमा झाला, तर तीव्र उपचार सोसण्याइतके बळ त्याच्या देहात क्वचितच उरलेले असे. 1996 च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि चित्र पालटले. भारतातही 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. विषाणू आटोक्यात राहिला, की देह कर्करोगाशी झुंज देण्यास पुन्हा समर्थ होतो.

आता रोपण म्हणजे काय, ते पाहू. उलटलेल्या लिम्फोमाला रसायनोपचाराची फार मोठी मात्रा द्यावी लागते. पण ती मात्रा अस्थिमज्जेतील, रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींनाही जाळून टाकते. तणाबरोबर पीकही जाणार हे जाणणारा शेतकरी बियाणे आधीच कणगीत राखून ठेवतो, तसाच हा प्रकार होय. प्रथम इंजेक्शने देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरवितात, यंत्राद्वारे वेगळ्या काढून गोठवून ठेवतात, मोठी मात्रा देतात आणि मग रक्त चढवावे तशा त्या पेशी रुग्णाच्या शिरेतून परत सोडतात. त्या मज्जेत रुजण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस रुग्ण जंतुसंसर्गापुढे अगदी उघडा असतो. तोंड येते, केस गळतात, अन्नावरची वासना उडते. हे हाल खरे आहेत. ते लपविण्यात अर्थ नाही.

मात्र एच.आय.व्ही.मुळे हे हाल व्यर्थ जातात का? अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 40 रुग्णांवर स्वतःच्याच मूलपेशींचे रोपण झाले. वर्षानंतर शेकडा सुमारे 87 जण हयात होते, आणि एच.आय.व्ही. नसलेल्या तशाच रुग्णांचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. अर्थात हे निवडक रुग्ण होते : त्यांचा कर्करोग रसायनोपचाराला दाद देणारा होता. भावजींना ही अट लागू पडते की नाही, हे त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगतो. या रोपणाने एच.आय.व्ही. जात नाही, त्याची औषधे चालूच ठेवावी लागतात. त्यांपैकी झिडोव्ह्यूडिन मज्जेला दुर्बळ करते, तर रिटोनाविरमुळे इतर औषधे शरीरात अधिक साचतात. म्हणून दोन्ही आजारांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून औषधे ठरविणे अगत्याचे आहे. लंडनच्या अॅडम कॅस्टिलेहो यांचा विषाणूही नाहीसा झाला, हे खरे. पण त्यांना हॉजकिन लिम्फोमासाठी 2016 साली जे रोपण झाले, ते परक्या दात्याच्या पेशींचे होते, आणि त्या दात्यात विषाणूला पेशीत शिरू न देणारा दुर्मिळ जनुकदोष होता. असे रोपण अधिक धोक्याचे असते, केवळ एच.आय.व्ही. घालविण्यासाठी ते कोणी करीत नाही.

कोणा रुग्णालयाने केवळ एच.आय.व्ही.चे कारण पुढे करून दार लावले, तर 2017 चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा रुग्णाच्या बाजूस आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात असलेला हा कायदा असा भेदभाव निषिद्ध मानतो.

परंतु घरच्या माणसांनीच दार लावले, तर कोणता कायदा उपयोगी पडणार? ‘मुळातच तो आजार’ या शब्दांत वैद्यकीय अनुमान थोडे आणि निवाडा फार आहे, असे आम्हास वाटते. हाच लिम्फोमा घरातील दुसऱ्या कोणास झाला असता, तर मंडळींनी प्रथम खर्च विचारला असता, की डॉक्टरांचा पत्ता?

म्हणून, भगिनी, धीर द्यावा. तुमचे वाक्य इतकेच असू द्या : ‘भावजी, डॉक्टरांकडे मी बरोबर येते.’ त्यात खोटे काहीही नाही.