घरदुरुस्तीचा कामगार कायद्याबाहेर का?

घराची दुरुस्ती निघाली की दोन कामे हटकून येतात. नको असलेली भिंत काढायची आणि वरखाली झालेली जमीन एका पातळीत आणायची. नव्या फरशीच्या रंगाविषयी सर्वत्र भरपूर लिहून येते. वीट काढणाऱ्या आणि जमीन सपाट करणाऱ्या हातांविषयी क्वचितच. कामगार चळवळीच्या मुखपत्राने तरी हा विषय घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. दहा फूट लांब, नऊ फूट उंच अशी साडेचार इंची विटेची भिंत पाडली की गिलाव्यासह सुमारे दोन टन राडारोडा निघतो. पंचवीस किलोचे घमेले धरले तरी या ऐंशी खेपा झाल्या. लिफ्ट खराब होईल म्हणून अनेक सोसायट्या राडारोडा जिन्यानेच उतरवायला लावतात. भिंत वरून खाली, थराथराने काढायची असते. वरचा भार तिच्यावर असेल तर आधी टेकू द्यावे लागतात. घाईने बुडातच घण घातला, तर भिंत कामगाराच्याच अंगावर येते.

जमिनीचे कामही तितकेच जोखमीचे आहे. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून चारी भिंतींवर एकच पातळी आखून घेतो. मग उंचवटे छिन्नीने तासतो आणि खळगे मालाने भरतो. जुनी फरशी न काढता वर दोन इंच माल चढवला, तर दहा बाय बाराच्या एका खोलीत टनाहून अधिक वजन वाढते. हे घरमालकाला सांगायचे धाडस रोजंदारीवरच्या माणसाला होत नाही. फरशी कोरडी कापताना उडणारी बारीक सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांत साचते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. पाणी मारीत कापणे आणि योग्य मास्क देणे, एवढाच त्यावरचा खर्च आहे.

आता कायदा काय करतो ते पाहा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती, फेरफार व पाडकाम ही कामे होती. पण दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना आणि राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळले होते. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने घरासाठीची ही मर्यादा ५० लाखांवर नेली. म्हणजे दोन-चार जणांच्या टोळीने होणारी घरदुरुस्ती आधीही बाहेर होती, आता अधिकच बाहेर गेली. कल्याण मंडळात नोंदणी व्हायची तर मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. आज या घरी, उद्या त्या घरी काम करणाऱ्या नाक्यावरच्या बिगाऱ्याला दाखला द्यायचा कोणी? बांधकामातील राडारोड्याच्या विल्हेवाटीसाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले. विटांचा हिशेब ठेवायला सरकारला सुचले, त्या उचलणाऱ्याचा हिशेब मात्र राहून गेला.

मालक रोज बदलतो, मग संरक्षण कसे देणार, असे विचारले जाते. याचे उत्तर महाराष्ट्रात १९६९ सालीच मिळाले आहे. माथाडी कायद्याने त्रिपक्षीय मंडळे नेमून हमालांची नोंदणी, मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था लावली. इच्छा असली की मार्ग निघतो.

हा प्रश्न केवळ सरकारचा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपले अनेक सभासद भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून घर दुरुस्त करतात. त्या चार-आठ दिवसांपुरते आपणच मालक असतो. कारखान्यात सुरक्षा साधनांसाठी भांडणारे आपण घरी मात्र ठेकेदाराशी फक्त दराची घासाघीस करतो. त्या घासाघिशीत कापला जातो तो बिगाऱ्याचा रोज.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. संहितेतील ५० लाखांची सवलत घरदुरुस्तीच्या कामगारांच्या नोंदणीआड येऊ नये. नाक्यानाक्यावर नोंदणी केंद्रे असावीत आणि घरमालकाने दिलेला कामाच्या दिवसांचा दाखला ग्राह्य धरावा. सोसायट्यांनी दुरुस्तीची परवानगी देताना अनामत रकमेबरोबर कामगारांची नावे व सुरक्षेची हमीही मागावी.

आणि आपल्या सभासदांना आमचे आवाहन आहे की, कायदा बदलण्याची वाट पाहू नका. घरात भिंत पाडायची असेल तर टेकू, मास्क आणि पाणी यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरा. मजुरी ठेकेदाराकडून प्रत्यक्ष कामगाराच्या हाती पडली की नाही ते विचारा. सही करून दाखला द्या. शाखांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा आणि आपल्या भागातील नाक्यावर जाऊन नोंदणीला हात घालावा.