दारात कण्हेर नको, अनंत लावा

आपल्या इगतपुरीच्या पावसात अंगणात काय तगेल, असे रुग्णही मला विचारतात. पुष्कळजण कण्हेर लावतात. बारमाही हिरवी, सुवासिक, शिवाय शेळी तोंड लावत नाही. शेळी शहाणी! कण्हेरीचे पान, फूल, मूळ सारेच विषारी. वाळल्यावरही विष जात नाही. पिवळ्या बिट्टीच्या बियाही तशाच घातक. लहान मुलांच्या घरी ही झाडे नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी अनंत लावा. मात्र मुळाशी पाणी साचू नये म्हणून उंचवट्यावर लावा.

मुलाने कण्हेर चघळलीच, तर उलट्या होतात, नाडी मंदावते. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. झाडाची डहाळी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा. मूल खेळत असले तरी हृदयाचा आलेख काढावाच लागतो.